बिनखोडीचा

मी वाईचा. आमच्या आळीत कोंबडं आरवलेलं ऐकू आलं तर ते नदीपलीकडचं असणार, असं सगळे धरूनच चालायचे. चातुर्मासात घरात कांदा बंद, लसूण बंद. अशा घरातला मुलगा गुराढोरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून लागला, हेच आईला जड गेलं होतं. पुढं माझी बदली कुंडलजवळच्या एका गावात झाली आणि मी कोंबड्यांच्या पायांची बोटं तपासत उकिडवा बसायला लागलो, हे मी तिला कधी सांगितलंच नाही. ते उकिडवं बसणं सुरू झालं त्या गावातल्या हौसाक्कामुळं.

हौसाक्काची आठवण आली की मला अजून वैताग येतो. आधी तिच्यावर, मग तिच्या मुलावर, मग स्वतःवर, आणि शेवटी कुणावर ते न कळून नुसताच येतो.

पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तो कोंबड्यांना मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस द्यायला. साठी ओलांडलेली, काटक बाई दारात आडवी उभी. हिरव्या काठाचं लुगडं, डाव्या तळहातावर मिश्री आणि उजव्या हाताचं बोट दातावर. मी लसीची पेटी खाली ठेवली, तर म्हणाली, "आवं डाक्टर, तुमी खाता का?"

"काय?"

"कोंबडं."

"नाही."

"अंडं तरी?"

"तेही नाही."

तिनं तोंडातलं बोट काढलं, मला खालीवर बघितलं आणि दारातून बाजूला झाली. "मग या. दाखिवते."

गावात येणारा तलाठी असो, वायरमन असो नाहीतर ऊसतोडीचा मुकादम, तिच्या अंगणातल्या कोंबड्याकडं बघताना प्रत्येकाच्या तोंडाला पाणी सुटायचं. माझ्या तोंडाला सुटत नव्हतं, एवढ्या एका गुणावर मी त्या घरात शिरलो. माझ्या शिक्षणाचा, सरकारी शिक्क्याचा तिच्या लेखी काही उपयोग नव्हता. खुराड्यात चुना मारा म्हणून मी चार वर्षं सांगितलं, चार वर्षं ती राखच टाकत राहिली. लस द्यायची तर आधी बाजाराला काढलेल्या कोंबड्यांना द्या, त्या मेल्या नाहीत तर आठवड्यानं बाकीच्यांना द्या, असा तिचा हुकूम. मी चिडायचो. ती म्हणायची, "चिडा की. चिडल्यालं माणूस खरं बोलतंय."

कोंबड्या आसील जातीच्या होत्या. ती मात्र कधी आसील म्हणाली नाही, 'आमची' म्हणायची. तिचं माहेर जतकडचं, दुष्काळी. लग्नात सासरी येताना डालग्यात दोन तलंगा, कोवळ्या कोंबड्या, घालून आणल्या होत्या, त्यांचा हा वंश. पन्नास वर्षं तिनं तो तसाच राखला होता. एका पिलवणीत बारा-चौदा पिल्लं निघायची, त्यांतला एखादा नर आणि दोन-तीन माद्या ती ठेवायची, बाकी बाजाराला. त्यात तिला कसलाही मोह नव्हता. सकाळी अंगणात मूठभर जोंधळा फेकायची आणि उंबऱ्यावर मिश्री लावत बसायची. सगळी खाऊन झाली की मग तिचं बघणं सुरू व्हायचं.

"खाताना समदी सारखीच दिसत्यात," ती म्हणायची. "खाऊन झाल्यावर उभं कसं ऱ्हातंय ते बघायचं."

एकदा एक लालभडक नर मला फार आवडला होता. उन्हात आला की पाठीवर तांबं ओतल्यासारखा दिसायचा. तिनं तो बाजाराच्या डालग्यात घातला. मी म्हणालो, आक्का, वेड लागलंय का तुम्हाला? तिनं त्याला उचलला, एक हात छातीच्या हाडाखाली, एका हातानं मान धरून माझ्या नाकासमोर आणला. "डोळा बघा. पिवळा. आमचा डोळा भिजल्याल्या तांदळावानी पांढरा पायजे."

"पण रंग बघा की त्याचा!"

"तुमाला पीस दिसतंय, डाक्टर. मला त्याची आजी दिसती. तिचा बी असाच व्हता."

बाप पीस देतो, आई हाड देते, हे तिचं ठरलेलं वाक्य. कोंबडा बघायला गाव येतं, कोंबडी बघायला कुणी येत नाही, हेही. नरापेक्षा मादी निवडायला ती दुप्पट वेळ घ्यायची. कुठली कुणाची मुलगी, कुठलीची मावशी मानमोडीनं गेली, कुठलीच्या पोटी दुबळ्या मांडीची पिल्लं निघतात, सगळं तोंडपाठ. मी वहीत लिहून घेत होतो आणि ती माझ्या वहीला हसत होती.

तिच्या अंगणातली एक गोष्ट मात्र मला खटकायची. तिचे निवडक नर होते, त्या प्रत्येकाच्या डाव्या पायाच्या बाहेरच्या बोटाचं शेवटचं पेर नव्हतं. नखासकट गेलेलं. विचारलं तर म्हणायची, "उंदीर खात्यात. पिल्लू असताना."

मी शहाणा माणूस. मी त्यावर उपाय सुरू केले. पलूसच्या बाजारातून उंदरांचे दोन पिंजरे आणून दिले. खुराड्याच्या तळाला बारीक जाळी ठोकून घेतली, तीही माझ्या हातानं, अंगठा ठेचून. तिनं सगळं करू दिलं, वर चहा दिला. पुढच्या पिलवणीतल्या निवडक नराचं बोट गेलेलंच. एवढ्या पिल्लांतून उंदराला नेमका चांगलाच नर कसा सापडतो आणि माद्यांची बोटं त्याला का गोड लागत नाहीत, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

त्याच सुमारास फलटणला शेतीचं मोठं प्रदर्शन भरणार असल्याचं पत्रक दवाखान्यात आलं. त्यात देशी कोंबड्यांचा वेगळा गट होता. बक्षिसाला फारसा अर्थ नव्हता, पण खाली एक ओळ होती. पहिल्या आलेल्या कोंबड्याच्या वंशाची अंडी एका सरकारी केंद्रात नेणार, तिथं तो वंश वेगळा राखणार, कायमचा. अशी निवड मात्र दोनच वर्षं, दोनच प्रदर्शनांत होणार होती. मी ते हौसाक्काला वाचून दाखवलं. ती मिश्री लावत राहिली. संध्याकाळी दवाखाना बंद करताना बघतो तर पायरीवर बसलेली. त्याआधी कधी ती दवाखान्यात आली नव्हती.

"ते पुन्यांदा सांगा," म्हणाली. "माझ्या माघारी बी ऱ्हातील म्हंता?"

"राहतील."

"संपत वाईट न्हाई, डाक्टर. पर त्याला ऊस कळतोय, कोंबडी कळत न्हाई. मी गेल्यावर चार दीस राखंल. मग आखाड यील."

आषाढात घरोघर कोंबडं कापतात, ते ठाऊक असलेल्या कुणालाही हे वाक्य पुरेसं आहे. पन्नास वर्षांची तिची निवड एका महिन्यात रश्श्यात जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं आणि त्यावर तिच्याकडं उपाय नव्हता. आता तो या कागदावरच्या एका ओळीत होता. त्या दिवसापासून मला तिच्याइतकीच घाई झाली.

दोन नर घेऊन आम्ही फलटणला गेलो. संपत म्हणजे तिचा एकुलता मुलगा, चाळिशीचा, मोकळ्या मनाचा माणूस. पिकअप त्याची, दोन दिवसांचं काम सोडून आलेला. परीक्षक वयस्कर होते, जाणकार होते, हे त्यांनी कोंबडा उचलला त्यावरूनच कळलं. थेट हौसाक्काची पकड, छातीच्या हाडाखाली हात. डोळा बघितला, तुरा बघितला, पंख उघडून बघितला. "बऱ्याच वर्षांनी असा बघतोय," असं पुटपुटले आणि कोंबडा पहिल्या फळीवर ठेवला. हौसाक्कानं माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी त्याचे पाय बघितले.

"हे बोट?"

"उंदरानं खाल्लंय, सर," मी पुढं होऊन म्हणालो. "जन्मजात नाही."

त्यांनी दुसऱ्या कोंबड्याचा पाय उचलला. तोच डावा पाय, तेच बाहेरचं बोट, तेच पेर.

"तुमच्या गावातला उंदीर फार शिस्तीचा दिसतो," ते म्हणाले.

भोवतीची माणसं हसली. माझे कान तापले. परीक्षक मात्र हसत नव्हते. ते हौसाक्काकडं वळले आणि अगदी सावकाश म्हणाले, "बाई, व्यंग असलेला पक्षी नियमानं बाद होतो. पण ही ओळखीसाठी मुद्दाम केलेली खूण असेल तर तसं सांगा. मी लिहून घेतो, आपल्याला विचार करता येईल. कापलंय का हे कुणी?"

एका शब्दाचं काम होतं. हौसाक्कानं परीक्षकांकडं बघितलं, मग शेजारी उभ्या असलेल्या संपतकडं बघितलं, आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "उंदरानंच."

दोन्ही कोंबडे बाद झाले. पहिला नंबर पुण्याकडच्या एका धिप्पाड कोंबड्याला गेला. त्याचे डोळे पिवळे होते.

परतताना संपत चहाला उतरला. गाडीत आम्ही दोघंच. मी फुणफुणत होतो. पिंजरे काय, जाळी काय, आणि चारचौघांत झालेली शोभा काय! तिनं संपत टपरीपाशी पोचल्याची खात्री केली आणि म्हणाली, "मीच कापते. अडकित्त्यानं. दीड म्हयन्यानं, नर वळखू आला की, कापून हळद लावते."



मग तिनं सांगितलं. लग्नानंतर पहिली दहा-बारा वर्षं तिचा सगळ्यांत चांगला नर दरवर्षी म्हसोबाला जायचा. त्या गावचा म्हसोबा कडक. त्याला बिनखोडीचाच लागतो. गुरव तुरा बघणार, डोळे बघणार, नख न् नख बघणार. म्हणजे देवाला चांगला, त्याच्या खालचा सासऱ्याच्या जावयाला, त्याच्या खालचा साहेबाला, आणि वंशाला राहणार तो उरलासुरला. निवड ती करायची आणि कापायला घरातले पुरुष न्यायचे. एका वर्षी एका नराचं बोट दाराच्या फटीत सापडून तुटलं. गुरवानं तो परत पाठवला. देवाला चालत नाही ते जावयाच्या ताटात कसं वाढायचं, म्हणून तिथूनही सुटला. तो नर सहा वर्षं जगला. आज अंगणात जे आहे ते सगळं त्याचं. त्या वर्षापासून हौसाक्कानं अडकित्ता हातात घेतला.

"पिल्लू तर आठ बोटांचंच निघतंय की," ती म्हणाली. "माझं कापणं रगतात उतरत न्हाई. त्या सायबाला येवडं कळंना व्हय?"

"मग सांगायचं होतंत ना! ते स्वतः विचारत होते!"

"संपतसमोर? म्हसोबाला तीस-पस्तीस वर्सं फशिवलं म्हून सांगू? उद्या त्याच्या ल्येकराला ताप आला तरी माझ्याकडंच बघतील समदी."

मी म्हण काढली. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खोटं नाही, आक्का."

"हितं उलटं हाय," ती म्हणाली. "खोड हाय म्हून जित्ता हाय."

संपत चहाचे दोन कागदी पेले घेऊन आला. आम्ही ते प्यायलो आणि निघालो.

पुढच्या वर्षी योजनेचं शेवटचं वर्ष. मी तिच्या मागंच लागलो. यंदा एक नर कापू नका, एकच, एवढं एक वर्ष. ती नाही म्हणत होती. "अखंड ठिवला तर ऱ्हात न्हाई, डाक्टर. मला ठावं हाय." मी म्हणालो, मी बघतो. हे दोन शब्द माझ्या तोंडून गेले नसते तर बरं झालं असतं. पिल्लू दीड महिन्याचं झालं तेव्हा अडकित्ता काढून ती त्याच्यापाशी बसली होती म्हणे, दुपारपर्यंत. मग उठून अडकित्ता पानाच्या डब्यात टाकला.

तो नर कसा झाला हे मला नीट लिहिता येणार नाही. मी कोंबड्यांतला माणूस नव्हे. पण तो उभा राहिला की अंगणातली माणसं बोलायची थांबत, एवढं मी स्वतः बघितलंय. हौसाक्का त्याच्याविषयी अवाक्षर काढायची नाही, फक्त खाणं झालं की त्याच्याकडं बघत मिश्री लावायची, आणि तिची मिश्री त्या वर्षी फार वेळ चालायची. गावानं, औंदा आक्काचा उंदीर मेला जणू, अशी थट्टा केली. गुरव येऊन नजर टाकून गेला. मी घाईनं नराच्या पायात नंबराचं कडं चढवलं आणि संपतला बजावलं, "हा आता सरकारी झाला. असला नर जिल्ह्यात दुसरा नाही. हात लावायचा नाही कुणी."

"न्हाई लावत, डाक्टर," संपत म्हणाला. आणि तो खरंच तसं म्हणाला होता, मनापासून.

प्रदर्शनाला पंधरा दिवस होते. हौसाक्का विहिरीवरून येता येता खाली बसली ती उठलीच नाही. अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. संपतनं तसंच गाडीत घालून सांगलीला दवाखान्यात नेलं. मी दुसऱ्या दिवशी गेलो. ती मला बघून डाव्या हाताची दोन बोटं मिटत-उघडत काहीतरी सांगायला बघत होती, घशातून नुसता आवाज येत होता. मी म्हणालो, "काळजी करू नका आक्का, तो छान आहे." तिचा हात थांबेना. मला वाटलं, बरं ऐकू आलं नसेल.

बाहेर संपत भिंतीला टेकून उभा होता. रडून डोळे सुजलेले. "डाक्टर, नवस बोललोय म्हसोबाला. आई उठून बसू दे म्हणलं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "चांगलं केलंत," मी म्हणालो.

वाईच्या माणसाला नवस म्हटलं की नारळ दिसतो. फार तर अभिषेक, सव्वा किलो पेढे. कशाचा नवस, एवढं विचारायला मला कितीसा वेळ लागला असता! चार वर्षं मी त्या अंगणात बसलो, म्हसोबा काय खातो हे तिच्या तोंडून ऐकलं, आणि ऐन वेळी माझ्यातला वाईच्या नदीघाटावरचा मुलगा बोलला. तिथून मी चुलत बहिणीच्या लग्नाला वाईला गेलो. आठ दिवसांनी फलटणचा प्रवेशाचा पास खिशात घालून परत आलो आणि थेट तिच्या घरी गेलो.

हौसाक्का सोप्यात बाजेवर उठून बसली होती. उशाला टेकून, तोंड किंचित वाकडं, पण बसली होती. अंगणात तो नव्हता.

मी संपतला बाहेर ओढला. काय काय बोललो ते आता आठवत नाही. सरकारी कडं, पास, योजना, पन्नास वर्षं, सगळं बोललो. त्यानं ऐकून घेतलं.

"तुमीच म्हणला व्हता न्हवं, असला जिल्ह्यात न्हाई म्हून?" तो म्हणाला. "मग आईसाठी दुसरा कुठला द्यायचा? हलका दिऊन आई मागायची व्हय? तुमी दिला असता?"

मी खिशातला पास चाचपला.

"नवस बोललो, त्येच्या चौथ्या दिशी उठून बसली बघा. डाक्टरलोकबी म्हणलं, लवकर उठली."

 मी आत जाऊन बाजेपाशी बसलो. शेजारणी येत होत्या, तिचा हात धरत होत्या, म्हणत होत्या, देव पावला गं बाई. ती प्रत्येकीला मान हलवून, जड जिभेनं "व्हय" म्हणत होती. सगळ्या गेल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. शब्द एकेक करून आले.

"आता रागवायचं कुणावर, तेवडं सांगा."

प्रदर्शन झालं, योजना संपली. मी वरती दोन अर्ज केले, तिसराही केला. उत्तर एकाचंही आलं नाही. अंगणात बोट कापलेला म्हातारा नर होता, माद्या होत्या, पण त्यांना आता कुठं न्यायचं होतं! माझी बदली साताऱ्याला झाली. तिला मी शेवटचं बघितलं ते निघायच्या आदल्या दिवशी, म्हसोबापाशी.

नवस फेडला होता, पण जिच्यासाठी बोलला ती पाया पडायची राहिली होती. संपतनं तिला एका हातानं कमरेला धरून, जवळजवळ उचलून आणलं होतं. मीही गेलो. शेंदूर फासलेला दगड, पुढं सकाळचा जोंधळ्याचा निवद. गुरवानं तिच्या कपाळाला अंगारा लावला. संपत म्हणाला, "आई, पाया पड." ती वाकली नाही. डाव्या हातानं खांबाला धरून उभी राहिली, आणि अंगणात खाणं झाल्यावर एखाद्या नराकडं बघायची तशी त्या दगडाकडं बघत राहिली. बराच वेळ. संपतला वाटलं, तिला वाकता येत नाहीये, म्हणून तो आधार द्यायला पुढं झाला.

"थांब," ती त्याला म्हणाली. मग देवाशी बोलली, जिभेच्या जडपणामुळं एकेक शब्द सुटा सुटा, आम्हा तिघांनाही ऐकू येईल असा.

"मला ठिवलास. त्याला न्हेलास. तुला निवडता येत न्हाई रं."